पाहुण्याचे वाघ

जळगावच्या हॉस्टेलमध्ये आमच्या खोलीतला पंखा भर एप्रिलातसुद्धा बंद असायचा. त्याला कारण माझा पार्टनर. खोलीतल्या जोडीदाराला तेव्हा पार्टनरच म्हणायचे. माझा पार्टनर धुळ्याचा, डॉक्टरांचा मुलगा. त्याच्या कॉटखाली कपड्यांच्या पेटीशेजारी एक मोठा चपटा खोका असे. त्या खोक्यात एक लढाई होती.

त्याच्या परदेशातल्या काकांनी ती पाठवली होती. घड्या उलगडल्या की निम्मी कॉट व्यापणारा नकाशा. त्यावर डोंगर, जंगलं, एक निळी नदी, आणि या सगळ्यावरून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सहा कोनांची घरं आखलेली. सैन्य म्हणजे नखाएवढे पुठ्ठ्याचे चौकोन. प्रत्येकावर दोन आकडे, एक ताकदीचा आणि एक चालीचा. पलटण जंगलात शिरली की तिची चाल निम्मी व्हायची. हल्ला केला की फासा टाकायचा आणि पुस्तकातल्या तक्त्यात बघायचं, कोण मागे हटलं आणि कोण मेलं. मूळचा फासा हरवला होता, म्हणून सापशिडीतला आणला होता. चौकोन हलवायला पार्टनर प्रॅक्टिकलच्या पेटीतला चिमटा वापरायचा, बेडूक कापायच्या वेळचा. आणि पंखा लावला की दोन्हीकडची सैन्यं एकदम उडून कॉटखाली जायची.

शेजारच्या खोल्यांतली मुलं दारात उभी राहून चिडवायची.

"काय भो, आज कोणतं गाव घेतलं?"

"गाव कुठलं? तीन दिवस झाले, अजून नदीच ओलांडली नाही."

"तोवर आमचं गिरणेचं पाणी आटलं ना!"

पार्टनर हसायचा. त्याला कुणी हसलं तरी चालायचं. मला त्याच्या या हसण्याचाही हेवा वाटायचा. लढाई संपली नसली तर तो ती तशीच कॉटवर मांडून ठेवायचा आणि स्वतः खाली सतरंजीवर झोपायचा. मी बघत राहायचो. आमच्या घरात फक्त खेळण्यासाठी केलेली एकही वस्तू नव्हती. आम्ही ज्यानं खेळायचो ते खेळून झालं की परत आपापल्या कामाला जायचं. दोरी गाईच्या गळ्यात, चिंचोके मायच्या डब्यात. आणि इथे हा, लढाईला कॉट देऊन स्वतः जमिनीवर झोपत होता.

मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिला. आबा, म्हणजे माझे वडील, चौथीपर्यंत शिकलेले. चोपड्याच्या पुढे सातपुड्याकडे आमचं गाव. थोडी केळी, थोडा कापूस. कॉलेजात आल्यापासून मी प्रत्येक गोष्ट जपून करायचो. बोलताना गावाकडचा शब्द तोंडातून जाऊ नये म्हणून वाक्य आधी मनात म्हणून बघायचो. त्या खेळाचं नियमांचं पुस्तक इंग्रजीत होतं. पार्टनर ते पडल्या पडल्या चाळायचा. मी डिक्शनरी घेऊन बसायचो, आणि एक पान कळेपर्यंत माझी नदीकाठची फळी मोडलेली असायची.

एकदा दोन सीनियर मुलं खेळ बघायला आली. पार्टनर त्यांना सांगत होता, ही पलटण अशी का ठेवली, ती तशी का. मग माझ्याकडे बघून सहज म्हणाला, "ह्याला अजून नियम पाठ नाहीत. पण शिकेल तो."

त्यात काही वाईट नव्हतं. तो तसा नव्हताच. पण मला ते लागलं, आणि मुलं गेल्यावर मी म्हणालो, "आमच्याकडे पण आहे एक खेळ."

"कुठला?"

"वाघ-बकरी."

मला वाटलं तो हसेल. त्यानं लगेच लढाई गोळा केली, ड्रॉइंगचा एक पाठकोरा कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "आख."

मी पट्टी घेऊन आखलं. एक मोठा त्रिकोण, त्याच्या टोकापासून खाली पसरत गेलेल्या रेघा, त्यांना छेदणाऱ्या आडव्या रेघा. जिथे रेघा एकमेकींना मिळतात ते घर. वाघ तीन, बकऱ्या पंधरा. वाघ वरच्या टोकाशी बसतात, बकऱ्या एकेक करून पटावर येतात. वाघानं बकरीवरून पलीकडच्या रिकाम्या घरात उडी मारली की ती बकरी मेली. बकरीला मारता येत नाही. तिनं एवढंच करायचं, वाघाच्या वाटा बंद करत जायच्या. तिन्ही वाघ कोंडले की बकऱ्या जिंकल्या, आणि निम्म्याहून जास्त बकऱ्या खाल्ल्या की वाघ जिंकले. हुशारी सगळी बकरीच्या मागच्या घरात असते. ते भरलेलं असेल तर वाघाला उडी मारता येत नाही. ते उघडं ठेवलं की गेली बकरी.

वाघ म्हणून पार्टनरच्या शर्टाची बटणं घेतली आणि बकऱ्या म्हणून शेंगदाणे. मेलेली बकरी मारणाऱ्यानं खाऊन टाकायची, असं त्यानंच ठरवलं. त्या दिवशी त्याला शेंगदाणे मिळालेच नाहीत. वाघ घेतले तर मी कोंडले, बकऱ्या घेतल्या तर मी खाल्ल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. पंखा मात्र लावता आला.

तो हरला की ओरडायचा, "अरे, यात फासाच नाही भो! हरलो तर मीच हरलो, दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही!" त्याला याचाच आनंद झाला होता. मला आनंद वेगळा होता. त्या खोलीत पहिल्यांदाच माझ्याजवळ असं काही होतं, जे त्याच्याजवळ नव्हतं.

"तुला कोणी शिकवलं हे?" त्यानं विचारलं.

"आबांनी. पण आता मी त्यांना हरवतो."

हे मी छाती फुगवूनच सांगितलं असणार, कारण ते मला खरंच वाटत होतं.

आमच्या मळ्यात विहिरीवर मोटरची खोली आहे. तिच्यापुढे सिमेंटचा लहानसा ओटा. तो ओला असतानाच आबांनी खिळ्यानं त्यावर वाघ-बकरीचा पट ओढून ठेवला होता. केळीला पाणी द्यायचं तर लाईट पाहिजे, आणि लाईट कधी येईल हे कुणालाच माहीत नसायचं. म्हणून शेतावर जायचं आणि वाट बघायची. शाळा नसली की मी आबांबरोबर जायचो. नदीतले काळे गोटे वाघ, चिंचोके बकऱ्या. लाईट आली की डाव जिथे असेल तिथे थांबायचा. त्यावर टोपलं पालथं घालायचं आणि पाणी भरायला उठायचं. टोपल्याखालच्या डावाला कुणी हात लावायचा नाही, हा नियम. कधी कधी एकच डाव आठवडाभर टोपल्याखाली असायचा.

आबा फार कमी बोलतात. घरी जेवताना, बैलाजवळ, बाजारात, कुठेही. पण ओट्यावर बसले की त्यांची जीभ सुटायची. वाघ नेहमी त्यांचे, मोठ्या माणसाचे. बकऱ्या माझ्या. माझी बकरी उचलली की ती बोटात धरून मला दाखवायचे. "तुनी बकरी गई रे! आते रात्री तुनी माय तुले काय दूध देई?" माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. ते हसायचे आणि पुढची उचलायचे. मी लहान आहे म्हणून एकही बकरी सोडली नाही. सगळ्या शाळेच्या वर्षांत मी त्यांच्यावर एखाददुसरा डाव काढला असेन.

आमच्याकडे आणखी एक रीत होती. पाहुण्याला ओट्यावर हरवायचं नाही. पाहुणा आला की वाघ त्याला द्यायचे आणि त्याच्या वाघांना पोटभर खाऊ घालायचं. आत्याचे यजमान, आमचे फुवा, एकदा मळ्यात आले होते. आबा मोटर बघायला गेले तेवढ्यात मी फुवांबरोबर बसलो आणि त्यांचे तिन्ही वाघ कोंडून टाकले. फुवा म्हणाले, "पोऱ्या हुशार शे." पण त्यांचं तोंड उतरलं होतं. आबांनी मला केळीत नेऊन कान धरला. "पाहुणाले कोनी हरावस का रे?" मग स्वतः फुवांसमोर बसले, आणि एकामागून एक बकरीचं मागचं घर उघडं ठेवत गेले. फुवा खात गेले. जेवायच्या वेळेपर्यंत ते खुलले होते.

कॉलेजात गेल्यावर पहिल्या दिवाळीत घरी आलो, तेव्हा आबा मला मळ्यात घेऊन गेले. ओटा हातानं झाडला, गोटे माझ्याकडे सरकवले आणि म्हणाले, "वाघ तू ले."

मला तो क्षण अजून आठवतो. मी मोठा झालो, असं वाटलं. वाघ मोठ्या माणसाचे, आणि ते त्यांनी मला दिले होते. तो डाव मी जिंकला. त्यानंतर प्रत्येक सुट्टीत मीच जिंकत होतो. वाटायचं, शिकल्यानं डोकं चालायला लागलं असेल, किंवा आबांची नजर कमी झाली असेल. थोडं वाईटही वाटायचं. पण जास्त बरंच वाटायचं.

पार्टनरनं मागे लकडा लावला. त्याला आबांशी खेळायचं होतं. मी टाळत होतो. आमचं घर, संडासाची सोय, मायचं बोलणं, या सगळ्याचा मी मनात हिशेब करत होतो. शेवटी थंडीत एका शनिवारी आम्ही चोपड्याची एस.टी. धरली आणि तिथून पुढे टेम्पोनं गावात. वाटेत तो मला अहिराणी विचारत होता. धुळ्यात वाढलेला, पण घरी कुणी बोलत नसे. "'मी खेळतो' कसं म्हणायचं?" मी सांगितलं आणि म्हणालो, "पण तू मराठीच बोल. त्यांना कळतं." घरी गेल्यावर मी स्वतःही आता मराठीच बोलायचो, कॉलेजातलं.

मळ्यात पोचलो तर लाईट गेलेलीच होती. आबांनी पार्टनरला बघून टोपी सारखी केली, ओट्यावर पोतं अंथरलं आणि गोटे त्याच्यापुढे ठेवले. "वाघ तुम्ही घ्या."

मला माहीत होतं काय होणार. पार्टनर भराभर बकऱ्या खात गेला. आबा "वा, वा" करत होते. पाचवी बकरी उचलायच्या आधी त्याचा हात थांबला. तो पटाकडे वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "आबा, तुम्ही मुद्दाम हरताय."

मी खाली बघितलं. पाहुण्यानं असं बोलायचं नसतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायला मी होतो, पण माझ्या डोक्यातच आलं नाही.

"हे मागचं घर तुम्ही भरू शकत होता. आणि त्याच्या आधीचंही. नाही आबा, असं नाही. मी याच्यासाठी जळगावहून आलो का?" आणि मग बसमध्ये शिकलेलं सगळं त्यानं एका दमात वापरलं. "मी खेयाले उना शे. जेवाले नही!"

खेळायला आलोय, जेवायला नाही, हे त्यानं तोडकंमोडकंच म्हटलं होतं. आबा एकदम हसले. इतक्या मोठ्यानं, की पलीकडच्या शेतातल्या माणसानं "काय व्हयनं हो?" म्हणून हाक दिली.

"हाऊ पोऱ्या खेय जानस!" आबा त्याला ओरडून म्हणाले. मग सगळे चिंचोके गोळा करून पार्टनरच्या ओंजळीत टाकले आणि गोटे आपल्याकडे ओढले. "ले आते बकऱ्या. आन मंग रडू नको."

त्यानंतर जे झालं ते बघायला मी तिथेच, खांबाला टेकून बसलो होतो.

आबांनी त्याला सोललं. एकही बकरी सोडली नाही. प्रत्येक बकरी उचलून बोटात धरून दाखवत होते. "हाई गई. डॉक्टरसाहेबले सांग, दूध बाहेरून आना." पार्टनर कपाळावर हात मारत होता, परत मांडत होता, परत हरत होता. दोघं एकमेकांवर ओरडत होते. आबा त्याला 'तू' म्हणायला लागले होते. मला आठवेना, आबा माझ्याशी असं शेवटचं कधी बोलले होते. मी मध्ये एकदा म्हणालो, "अरे, तो कोपरा धर," तर आबा म्हणाले, "तू सांगू नको, त्याले खेयू दे." त्यात रागावणं नव्हतं. पण मी पुन्हा खांबाला टेकलो.

मग मोटरच्या खोलीतला दिवा लागला.

"लाईट उनी!" आबांनी डावावर टोपलं घातलं, मोटर चालू केली आणि फावडं उचललं. मी पॅन्ट दुमडायला वाकलो. आबा म्हणाले, "तू बस. कपडा खराब व्हतीन." आणि पार्टनरच्या पाठीवर थाप मारून, "चाल रे. हरना ते आते काम कर."

तो गेला. त्याची पॅन्ट माझ्यापेक्षा चांगली होती.

केळीच्या ओळींतून त्यांचे आवाज येत होते. पार्टनरनं कुठेतरी बांध फोडला असावा, कारण आबा ओरडले आणि मग दोघं हसले. मी ओट्यावर बसून टोपल्याकडे बघत होतो. मला तेव्हा काय वाटत होतं ते नीट सांगता येत नाही. हॉस्टेलात त्याच्या खोक्याचा हेवा वाटायचा, इंग्रजीचा वाटायचा. पण तो हेवा म्हणजे दुकानातल्या काचेपलीकडच्या वस्तूकडे बघण्यासारखा होता. आपली नव्हतीच ती वस्तू. हे वेगळं होतं. हा ओटा माझा होता. ती थाप माझी होती. त्या शिव्यासुद्धा माझ्याच होत्या.

ते परत आले तेव्हा पार्टनर गुडघ्यापर्यंत चिखलात होता. मायनं बांधून दिलेली वांगी कापसाच्या काड्यांवर भाजली, तिथेच भरीत केलं, भाकरी खाल्ली. हात धुऊन आबांनी टोपल्याखालचा डाव संपवला, पार्टनर पुन्हा हरला, आणि मग ते माझ्याकडे वळले. "बस. आपन खेयूत." आणि गोटे माझ्याकडे सरकवले. "वाघ तू ले."

तोपर्यंत माझ्या मनात कसलीही शंका नव्हती. उलट पार्टनरच्या देखत आबांना हरवायचं, दाखवून द्यायचं, एवढंच होतं. मी पहिली बकरी खाल्ली. दुसरी खाल्ली. तिसरीच्या वेळी आबांनी मधल्या रेघेवर चिंचोका ठेवला, आणि त्याच्या मागचं घर उघडं होतं.

अगदी तेच घर. सकाळी पार्टनरला पहिल्या डावात दिलेलं. फुवांना दिलेलं.

मी आबांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांचा चेहरा पाहुण्यांपुढे असतो तसा होता, थोडा हसरा, थोडा दूरचा. मी वाघ हातात धरून बसलो. पार्टनर माझ्याकडे बघत होता. त्यालाही ते घर दिसलंच असणार. तो काही बोलला नाही. यासाठी मी त्याचा आजही आभारी आहे, आणि तेव्हा याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

मी बकरी खाल्ली. डाव जिंकला. आबा म्हणाले, "वा."

संध्याकाळी पार्टनर गाव बघायला गेला. माय चुलीपुढे बसली होती. मी तिला विचारलं, "आबा माझ्याशी मुद्दाम हरतात का?"

तिनं भाकरी उलटली. मग, जणू हे विचारायचं काही कारणच नव्हतं अशा आवाजात म्हणाली, "तू आते शिकेल मानूस शे. चार दिन येस, मंग जास. तुले काबर हरावतीन तुना आबा?"

"आणि पार्टनरला?"

"त्यानी ते सोता मांगी लिधं ना," ती म्हणाली आणि हसली. "गुनी शे तुना पार्टनर. आखो एकदाव घरी लई ये त्याले."

हॉस्टेलवर परतल्यावर पार्टनरनं कॉटवर लढाई मांडली, पण आठवडाभर तो दुसरंच बोलत होता. आबा बोटात बकरी कशी धरतात त्याची नक्कल तो शेजारच्या खोल्यांत जाऊन करायचा. "काय माणूस आहे भो! एक चूक माफ नाही!" मुलं हसायची. मीही हसायचो. एकदा त्यानं विचारलं, "होळीला जायचं का परत? आबांनी बोलावलंय मला." मी म्हणालो, "होळीला आमच्याकडे गर्दी असते." ते खोटं होतं.

मी एकटाच गेलो, होळीच्याही आधी, त्याला चोपड्याला काम आहे असं सांगून. बसमध्ये मी एक वाक्य तयार करत होतो. आबा, तुम्ही माझ्याशी मुद्दाम हरता. पार्टनर हेच वाक्य किती सहज बोलून गेला होता. मी ते मनात दहा तऱ्हांनी म्हणून बघितलं. प्रत्येक वेळी ते तक्रारीसारखं वाटायचं, नाहीतर शाळेतल्या भाषणासारखं.

मळ्यात आबा एकटेच होते. मला बघून उठले. "अरे, कव्हय उना?" टोपी सारखी केली. ओट्यावर पोतं अंथरलं. मी त्या पोत्याकडे बघत राहिलो. ते आधीपासून अंथरत होते का? बहुतेक प्रत्येक सुट्टीत अंथरत होते. मी शाळेत होतो तेव्हा आम्ही दोघं उघड्या सिमेंटवर बसायचो, एवढं मला नक्की आठवत होतं.

मी पोतं उचललं, घडी करून खोलीत ठेवलं आणि सिमेंटवर बसलो. ते उन्हानं तापलं होतं. आबांनी ओटा हातानं झाडला. बसले. गोटे माझ्याकडे सरकवले.

"वाघ तू ले."

बसमधलं एकही वाक्य आलं नाही. मी गोटे त्यांच्याकडे परत ढकलले. त्यांनी ते पुन्हा माझ्याकडे ढकलले, पाहुण्याला आग्रह करतात तसे. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "मी पाहुणा शे का?"

आवाज मला हवा होता त्याहून मोठा निघाला. चिडका, लहान मुलासारखा. कॉलेजात गेल्यापासून मी आबांशी अहिराणीत बोललो नव्हतो, हे बोलून झाल्यावर लक्षात आलं.

आबांनी मान वर केली. त्यांना बहुतेक काहीतरी विचारायचं होतं. पण त्यांनी एकेक करून तिन्ही गोटे उचलले, धोतराला पुसले आणि आपल्या बाजूच्या टोकाशी मांडले.

मी चिंचोके मांडायला लागलो. सुरुवातीला आबा सांभाळून खेळत होते. मला शंका आली, हेही मुद्दामच असेल का? दोनदा त्यांना उडी मारता आली असती आणि त्यांनी मारली नाही. तेवढ्यात दिवा लागला. मी त्यांच्या आधी उठलो, टोपलं घातलं, पॅन्ट काढून मोटरच्या खोलीतलं त्यांचं जुनं धोतर गुंडाळलं आणि फावडं घेऊन केळीत गेलो. ते मागून म्हणाले, "राहू दे." मी थांबलो नाही. हात मऊ झाले होते. दुसऱ्याच ओळीत फोड आला. एक बांध माझ्याकडूनही फुटला, आणि आबा लांबून ओरडले, "आंधया शे का? बठ्ठं पानी वाया जाई राह्यनं!"

मी बांधाला माती लावली. माझं तोंड त्यांना दिसत नव्हतं ते बरं होतं.

लाईट गेल्यावर आम्ही ओट्यावर आलो. आबांनी टोपलं उचललं. डाव होता तसाच होता. चाल माझी होती. फोडामुळे बोट दुखत होतं, आणि माझं लक्षही पटावर नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मी बाहेरच्या रेघेवर चिंचोका ठेवला आणि हात काढून घेतल्यावर दिसलं, मागचं घर उघडं राहिलंय.

आबांनी जराही वेळ लावला नाही. वाघ उडाला. त्यांनी बकरी उचलून दोन बोटांत धरली आणि माझ्या नाकासमोर आणली.

"तुनी बकरी गई." मग मान हलवून, अगदी मनापासून, "तुना पार्टनर राहता, ते आशी सोडता नही."

मला ते टोचलं. इतकं टोचलं की कान गरम झाले. मी त्याच्यापेक्षा चांगला खेळतो, हॉस्टेलात तो माझ्याकडून हरतो, हे मला ओरडून सांगायचं होतं. त्याचं नाव या ओट्यावर घेऊ नका, असंही सांगायचं होतं.

"आते बोलू नका," मी म्हणालो. "खेया."

आबांनी ती बकरी आपल्या मांडीजवळ ठेवली, सिमेंटवर जरा पुढे सरकले आणि दुसरा वाघ हातात घेतला.